‘फूस लावून पळवले’ म्हणजे नेमके काय? अपहरणाचा गुन्हा कायद्यात कसा ठरतो

‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले, अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल.’ वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अशी चार ओळींची बातमी दर दोन-चार दिवसांनी दिसते. तिचाच फोटो काढून कुणीतरी तो ग्रुपवर टाकतो, खाली ‘आपल्या भागात टोळी फिरतेय, मुलांना सांभाळा’ असे लिहितो आणि तासाभरात तो संदेश तालुकाभर पोहोचतो.

पण त्या चार ओळींमागे अगदी वेगवेगळे प्रसंग असू शकतात. कुणी खरोखरच मुलाला उचलून नेलेले असते. कुठे सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने मित्रासोबत निघून गेलेली असते. कुठे परीक्षेत नापास झालेला मुलगा घाबरून मामाच्या गावी गेलेला असतो. कुठे नवरा-बायकोच्या भांडणात एकाने मूल आपल्याकडे नेलेले असते. बातमीत या सगळ्यांसाठी ‘अपहरण’ हा एकच शब्द येतो. कायदा मात्र यात बराच फरक करतो. नेलेल्या व्यक्तीचे वय काय, तिला कसे नेले आणि कशासाठी नेले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर गुन्हा आहे की नाही आणि शिक्षा किती, हे ठरते.

एक शब्द, दोन गुन्हे

बोलताना आपण ‘किडनॅप’ आणि ‘अपहरण’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात मात्र ‘किडनॅपिंग’ आणि ‘अबडक्शन’ हे दोन वेगळे गुन्हे आहेत. कायद्याच्या मराठी लिखाणात किडनॅपिंगसाठी ‘अपनयन’ आणि अबडक्शनसाठी ‘अपहरण’ हे शब्द वापरले जातात. सोयीसाठी पुढे हेच दोन शब्द त्या त्या अर्थाने घेतले आहेत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत या गुन्ह्यांच्या व्याख्या कलम ३५९ ते ३६२ मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता अपनयन कलम १३७ मध्ये आणि अपहरण कलम १३८ मध्ये आहे. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्या कलमांखालीच चालतात. म्हणून बातम्यांमध्ये अजूनही ‘३६३’ आणि ‘३६४ अ’ हे आकडे दिसतात.

थोडक्यात फरक असा सांगता येईल. अपनयनाचा गुन्हा पालकाच्या हक्काविरुद्ध असतो. मुलाला पालकाच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून बाहेर नेले की तो घडतो. अपहरणाचा गुन्हा थेट त्या व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध असतो. जबरदस्तीने किंवा फसवून तिला एका जागेवरून हलवले की तो घडतो. पहिल्यात मूल राजी होते की नाही याला महत्त्व नाही. दुसऱ्यात सगळे महत्त्व त्यालाच आहे.

अपनयन: मूल ‘हो’ म्हणाले तरी गुन्हा

अपनयनाचे दोन प्रकार आहेत. एक, कोणत्याही वयाच्या व्यक्तीला तिच्या किंवा तिच्या वतीने संमती देण्याचा अधिकार असलेल्याच्या संमतीशिवाय भारताच्या हद्दीबाहेर नेणे. दुसरा, मुलाला किंवा मनोविकल व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्या पालकाच्या संमतीशिवाय नेणे किंवा भुलवून नेणे. रोजच्या बातम्यांत दिसतो तो हा दुसरा प्रकार. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

यात ‘मूल’ म्हणजे कोण? जुन्या कायद्यात मुलगा असेल तर १६ वर्षांखालील आणि मुलगी असेल तर १८ वर्षांखालील, असा भेद होता. त्याही आधी, १९४९ पर्यंत, ही वये १४ आणि १६ होती. नव्या संहितेने भेद काढून टाकला. आता मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती मूल आहे. सतरा वर्षांच्या मुलाला फूस लावून नेणे पूर्वी या कलमात बसत नव्हते, आता बसते.

‘कायदेशीर पालक’ म्हणजे फक्त आईवडील नव्हेत. ज्याच्याकडे मुलाची देखभाल कायदेशीररीत्या सोपवली आहे, अशी कोणतीही व्यक्ती त्यात येते. मूल शिकायला काकांकडे राहत असेल किंवा वसतिगृहात असेल, तर तिथून त्याला परस्पर नेणे हेही अपनयनच.

‘ताब्यातून’ या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. पालकाने मुलाचा हात धरलेला असायला हवा, असे नाही. मूल मैदानावर खेळत असेल, दुकानात वाणसामान आणायला गेले असेल, शाळेतून घरी चालत येत असेल, तरी ते पालकाच्याच ताब्यात आहे असे कायदा मानतो.

आणि मूल स्वतःहून सोबत गेले असेल तर? चॉकलेटला भुललेल्या पाच वर्षांच्या मुलाची संमती संमती नसते, हे कुणालाही पटते. पण कायदा हाच नियम सतरा वर्षांच्या मुलालाही लावतो. नेणाऱ्याने जबरदस्ती केली नाही, मारहाण केली नाही, हेतूही वाईट नव्हता, तरी पालकाची संमती नव्हती एवढ्यावर गुन्हा उभा राहतो.

‘मला वाटले ती १८ ची आहे’ हा बचावही सहसा टिकत नाही. यामागे इंग्लंडमधील १८७५ चा ‘प्रिन्स’ नावाने ओळखला जाणारा खटला आहे. मुलगी प्रत्यक्षात १४ वर्षांची होती. ती १८ ची आहे असे तिने स्वतः सांगितले होते आणि ती तेवढी दिसतही होती. तरीही आरोपी दोषी ठरला. पालकाच्या संमतीशिवाय मुलीला नेणाऱ्याने वयाबाबतच्या चुकीची जोखीम स्वतःच घेतलेली असते, हा त्यामागचा विचार. भारतातले विधी महाविद्यालयांचे वर्ग आजही या खटल्याशिवाय पूर्ण होत नाहीत.

‘नेले’ की ‘सोबत गेली’?

इथे एक खरा पेच येतो. एखादी मुलगी १८ ला थोडीच कमी आहे, तिला आपण काय करतो ते पूर्ण कळते, तिने स्वतः ठरवून घर सोडले आणि मित्राला बोलावून घेतले. अशा वेळी त्या मुलाने तिला ‘नेले’ असे म्हणायचे का?

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. ‘वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य’ या खटल्यातील मुलगी महाविद्यालयात शिकत होती. तिला १८ वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम दीड महिना बाकी होता. शेजारच्या तरुणाशी असलेले प्रेम घरात कळल्यावर वडिलांनी तिला नातेवाइकाकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः त्या तरुणाला फोन केला, ठरलेल्या रस्त्यावर जाऊन त्याला भेटली आणि दोघांनी नोंदणी कार्यालयात जाऊन लग्नाच्या करारावर सह्या केल्या. मद्रासच्या न्यायालयांनी तरुणाला दोषी धरले होते.

सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर यांनी लिहिलेल्या या निकालात ‘नेणे’ आणि ‘सोबत येऊ देणे’ यातला फरक स्पष्ट केला आहे. मुलीला आपल्या कृतीचा अर्थ पूर्ण कळत होता आणि तिने घर आपणहून सोडले होते. तिच्या मनात घर सोडण्याचा विचार तरुणाने भरवला, असा पुरावा नव्हता. तिची इच्छा पुरी करण्यात त्याने मदत केली, पण एवढ्याने ते ‘नेणे’ होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचा अर्थ मात्र अनेकदा सोयीने काढला जातो. १९७३ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली. एका कारखानदाराने ओळखीच्या कुटुंबातील अल्पवयीन मुलीला भेटवस्तू देऊन, जवळीक वाढवून आपल्याकडे ओढले होते. शेवटच्या दिवशी मुलगी आपल्या पायांनी त्याच्या घरी आली. ‘ती स्वतः आली, मी नेले नाही’ असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. आधी दाखवलेल्या आमिषांमुळेच मुलीचे मन घराबाहेर पडायला तयार झाले असेल, तर शेवटचे पाऊल तिने स्वतः टाकले म्हणून आरोपी सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की कसोटी समजते. घर सोडायची कल्पना कुणाच्या मनात आणि कशी रुजली, हे न्यायालय पाहते. आपली मराठी बातमी ज्याला ‘फूस लावणे’ म्हणते, ते हेच.

एक सावधगिरी इथे लक्षात ठेवायला हवी. वरदराजन निकाल अपनयनापुरता आहे. २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हाच आहे आणि तिथे मुलीच्या संमतीला अर्थ नाही. त्यामुळे पळून गेलेल्या जोडप्यांच्या प्रकरणात अपनयनाचे कलम टिकले नाही तरी तरुणावर पोक्सोचा खटला उभा राहू शकतो.

दोघेही सज्ञान असतील तर मात्र चित्र पालटते. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला पालकाच्या ‘ताब्यातून’ नेले असे म्हणताच येत नाही, कारण ती कुणाच्या ताब्यात नसते. आंतरजातीय विवाह केलेल्या एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सासरच्यांवरील फौजदारी कारवाई रद्द केली. तिच्याच भावांच्या तक्रारीवरून ती सुरू झाली होती. घरच्यांना लग्न पसंत नसेल तर ते संबंध तोडू शकतात, पण धमक्या देऊ शकत नाहीत की छळ करू शकत नाहीत, असे न्यायालयाने तेव्हा बजावले.

अपहरण: बळ, फसवणूक आणि हेतू

आता दुसरा गुन्हा. एखाद्या व्यक्तीला बळजबरीने किंवा कोणत्याही फसव्या मार्गाने एखाद्या ठिकाणाहून जायला भाग पाडणे, ही अपहरणाची व्याख्या. इथे वयाची अट नाही. सत्तर वर्षांच्या व्यापाऱ्याचेही अपहरण होऊ शकते. गाडीत कोंबणे हे जसे अपहरण, तसेच ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय, लवकर चला’ असे खोटे सांगून गाडीत बसवणे हेही अपहरण. त्या व्यक्तीने खरे जाणून, मोकळ्या मनाने संमती दिली असेल तर गुन्हा होत नाही. भीतीने किंवा फसगतीने दिलेली संमती मात्र संमती नव्हे.

व्यक्तीला जागेवरून हलवणे हा यातला आवश्यक भाग आहे. कुणाला त्याच्याच घरात कोंडून ठेवले तर तो ‘गैरवाजवी कैद’ हा वेगळा गुन्हा होतो, अपहरण नव्हे.

अनेकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे नुसत्या अपहरणाला कायद्यात वेगळी शिक्षाच नाही. कलम १३८ फक्त व्याख्या सांगते. शिक्षा ठरते ती हेतूवरून. अपनयन मात्र नुसते सिद्ध झाले तरी शिक्षा होते आणि मागे वाईट हेतू असेल तर ती वाढते. भारतीय न्याय संहितेतील मुख्य तरतुदी अशा आहेत:

- खून करण्यासाठी नेणे: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दंड.
- खंडणी किंवा ओलीस ठेवून मागणी मान्य करून घेणे: मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि दंड.
- गुप्तपणे कोंडून ठेवण्यासाठी नेणे: सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
- गंभीर दुखापत करण्यासाठी किंवा गुलामीत ढकलण्यासाठी नेणे: दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
- स्त्रीला जबरदस्तीने लग्न किंवा लैंगिक संबंध करायला लावण्यासाठी नेणे (कलम ८७): दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
- भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवणे (कलम १३९): किमान दहा वर्षे सक्तमजुरी, कमाल जन्मठेप. त्यासाठी मुलाला अपंग केले तर किमान वीस वर्षे.
- दहा वर्षांखालील मुलाच्या अंगावरचे दागिने वगैरे चोरण्यासाठी त्याला नेणे (कलम ९७): सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

भीक मागण्याच्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. पालक नसलेली व्यक्ती एखाद्या मुलाला भीक मागायला लावत असेल, तर तिने ते मूल पळवले आहे असेच कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर असते.

पळवलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून लपवून ठेवणाराही सुटत नाही. त्याने स्वतः पळवले असते तर जी शिक्षा झाली असती, तीच त्याला होते.

खंडणी मागितली म्हणजे फाशीचेच कलम?

खंडणीसाठी अपहरणाचे कलम मूळ दंड संहितेत नव्हते. ‘३६४ अ’ हे कलम १९९३ मध्ये आले आणि १९९५ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. त्याआधीच्या काही वर्षांत ओलीस ठेवून सरकारकडून अतिरेक्यांची सुटका करून घेण्याचे प्रकार घडले होते. डिसेंबर १९८९ मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या मुलीचे श्रीनगरमध्ये अपहरण झाले आणि तिच्या सुटकेसाठी पाच अतिरेक्यांना सोडावे लागले. नव्या कलमात म्हणूनच पैशांच्या मागणीबरोबर सरकारवर दबाव आणण्यासाठी केलेले अपहरणही आले.

शिक्षा फाशीपर्यंत असल्याने न्यायालये हे कलम काटेकोरपणे वाचतात. तेलंगणातील एका प्रकरणात रिक्षाचालकाने शाळकरी मुलाला परस्पर नेले आणि वडिलांकडे दोन लाख रुपये मागितले. खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र खंडणीच्या कलमाखालची शिक्षा रद्द केली. नेणे आणि पैसे मागणे या दोन गोष्टी पुरेशा नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. जिवे मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी, तशी रास्त भीती वाटावी असे वर्तन किंवा प्रत्यक्ष इजा, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हायला हवे. या प्रकरणात ते सिद्ध झाले नव्हते. आरोपी निर्दोष सुटला नाही. त्याला अपनयनासाठी सात वर्षांची शिक्षा झाली.

अलीकडे एक नवा प्रकार दिसतो. फोनवर रडणाऱ्या मुलाचा आवाज ऐकवून ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा’ अशी धमकी दिली जाते. मूल मात्र शाळेत वर्गात बसलेले असते. कुणालाही कुठून हलवलेले नसल्याने हे अपहरण ठरत नाही. तो फसवणूक आणि खंडणीचा गुन्हा आहे. पैसे पाठवण्याआधी शाळेला किंवा मुलाला फोन करणे हाच त्यावरचा सर्वांत साधा उपाय.

बापाने किंवा आईने मूल नेले तर?

घटस्फोटाच्या वादात ‘माझ्या मुलाचे अपहरण झाले’ अशी तक्रार बऱ्याचदा होते. पण जो स्वतः कायदेशीर पालक आहे, त्याने मूल नेले तर ते ‘पालकाच्या ताब्यातून’ नेणे कसे ठरेल? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशाच प्रकरणात वडिलांवरचा गुन्हा रद्द केला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार वडील हे नैसर्गिक पालक आहेत. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना त्यांनी मूल आईकडून नेले तरी तो अपनयनाचा गुन्हा होत नाही, असे खंडपीठाने म्हटले.

याचा अर्थ मूल हिसकावून नेण्याची मुभा आहे, असा नाही. न्यायालयाने ताबा एकाकडे दिलेला असताना दुसऱ्याने मूल नेले तर चित्र बदलते. मुलाचा ताबा हा कुटुंब न्यायालयाचा विषय आहे आणि तिथे मुलाचे हित सर्वांत आधी पाहिले जाते. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, असे १९५६ चा कायदाही सांगतो.

मग इतकी मुले ‘पळवली’ कशी जातात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात अपनयन आणि अपहरणाचे १ लाख ७ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले आहेत. बळींमध्ये मुली आणि स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी आहे. हा आकडा समाजमाध्यमांवर फिरतो तेव्हा त्याचा अर्थ ‘लाखभर टोळ्या’ असा लावला जातो. तो तसा नाही.

यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. हरवलेल्या मुलांच्या तक्रारी पूर्वी नुसत्या वहीत नोंदल्या जात आणि तपास रखडे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असे प्रथम गृहीत धरून गुन्हा दाखल करावा. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे द्यावा.

म्हणून आज सज्ञान माणूस हरवला तर पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते आणि अठराच्या आतील मूल हरवले तर अज्ञाताविरुद्ध अपनयनाचा गुन्हा. मूल रागाने निघून गेले असेल, वाट चुकले असेल किंवा मित्रासोबत गेले असेल, तरी पहिली नोंद तीच असते. मूल परत आले की खरी हकीकत समजते, पण वर्षाच्या आकड्यात तो गुन्हा राहतोच.

ही पद्धत मुलांच्या बाजूची आहे. शंभरातले एक मूल जरी खरोखर तस्करांच्या हाती गेले असेल, तर पहिल्याच दिवशी तपास सुरू होणे त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो. आकडा वाचताना मात्र हे लक्षात ठेवावे लागते की तो गुन्ह्यांच्या पहिल्या नोंदींचा आकडा आहे, टोळ्यांनी पळवलेल्या मुलांचा नव्हे.

अफवेची किंमत

मुले पळवणारे गुन्हेगार कधीच नसतात, असेही नाही. नव्वदच्या दशकात कोल्हापूर, पुणे, नाशिक या भागांतून मुले पळवून त्यांचा चोऱ्यांसाठी वापर करणाऱ्या आणि काहींचा खून करणाऱ्या गावित मायलेकींचे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पण हे प्रकरण उघड झाले ते पोलीस तपासातून, जमावामुळे नव्हे.

जमाव काय करतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात दिसले. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे आलेल्या पाच जणांना ‘मुले पळवणारे’ समजून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले.

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक फारच गाजली. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसत होते. ती मुळात पाकिस्तानातल्या कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेबाबत जनजागृतीसाठी बनवलेली फीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कापून फीत पुढे पाठवली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

आज घबराट पसरवणारी खोटी अफवा पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. इंटरनेटवरून पाठवलेला मजकूरही त्यात येतो. जात, भाषा, जन्मस्थान किंवा तशाच कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर कलम १०३ नुसार त्या गटातल्या प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते.

मूल दिसेनासे झाले तर

‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. मूल हरवल्याचे कळताच जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जावे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी तक्रार घ्यावी लागते. याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात आणि नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, त्याची स्पष्ट तरतूद आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

सोबत मुलाचा अलीकडचा फोटो, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन, वयाचा पुरावा आणि मोबाइल असेल तर त्याचा क्रमांक न्यावा. वयाचा पुरावा विशेष महत्त्वाचा, कारण सगळे कलम वयावर उभे आहे. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला नसेल तर खटल्यात पुढे वयावरूनच वाद होतो. तक्रारीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

संशयित माणूस दिसला तर ११२ ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत त्याला हात लावू नये. मोबाइलवर एखादा संदेश आला तर त्यात पोलीस ठाण्याचे नाव, तारीख आणि गुन्हा क्रमांक आहे का, ते पाहावे. नसेल तर तो पुढे पाठवू नये. मूल सापडल्यावर फोटोसह टाकलेली जुनी पोस्टही काढून टाकावी, नाहीतर घरी परतलेले मूल वर्षानुवर्षे मोबाइलवर ‘हरवलेले’च राहते.